आबांना न दिसलेली शिडी

बारामतीत माझं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर मी लोकांना एकच प्रश्न विचारते: आता कसं दिसतंय? मग काच बदलते आणि पुन्हा विचारते, हे बरं की आधीचं बरं? माझा स्वभाव तापट आहे हे मला तोंडावर सांगणारे बरेच आहेत, पण या प्रश्नापाशी मी कधी तापत नाही. कन्हेरीचे एक आजोबा माझा मान राखायचा म्हणून प्रत्येक काचेला "झ्याक दिसतंय बाई" म्हणत होते, त्यांच्यापुढेही मी गप बसून राहिले. दुकानात नंबर काढणारं यंत्र आहे. माणसाने हनुवटी टेकवली की ते कागदावर आकडे छापून देतं. तरी नुसत्या त्या आकड्यांवर मी चष्मा करत नाही. समोरचा माणूस "आता स्पष्ट" म्हणेपर्यंत थांबावं लागतं. त्याला आत जे दिसतं ते त्याचं त्यालाच दिसतं, तिथे डोकावायला माझ्याकडे यंत्र नाही.

हे सगळं मी इतकी वर्षं कामापुरतं जाणत होते. आबांची दृष्टी गेली तेव्हा कळलं की आपण ज्याच्यावर पोट भरतो ती गोष्ट किती अचाट आहे.

आबा म्हणजे माझे वडील. माहेर निमगाव केतकीचं, घरचा विड्याच्या पानांचा मळा. बाहेरून पाहिला तर पानमळा म्हणजे शेवरी, शेवगा आणि हादग्याची नुसती राई वाटते. आत शिरलं की भर उन्हाळ्यातही गारवा लागतो, आणि उजेड पानांतून गाळून येत असल्यामुळे माणसांचे चेहरेसुद्धा हिरवट दिसतात. झाडांच्या आधाराने वेल ओळीने वर चढवलेले, आणि दोन ओळींच्या मध्ये एका माणसापुरती वाट. मळ्यात पायताण घालून जायचं नाही, हा नियम. मोठा साहेब आला तरी बूट बाहेर. आबा अंगठ्याला लोखंडी नखी चढवून आत जायचे आणि चालता चालता पानं खुडायचे. कुठलं पान तयार आहे, कुठलं कोवळं आहे, हे त्यांना लांबून नुसतं बघून कळायचं. आम्हा भावंडांना सगळी पानं सारखीच हिरवी दिसायची आणि त्याबद्दल भरपूर बोलणी बसायची.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला त्यांना मेंदूचा झटका आला. आधी एक बारीक येऊन गेला होता, त्यातून ते सावरले होते. हा दुसरा. सकाळी ओसरीवर ऊन आलं होतं आणि आबांनी वहिनीला विचारलं, "आजून उजाडलं न्हाय व्हय?" वहिनीला वाटलं म्हातारं अर्धवट झोपेत आहे. तिने चहा पुढे केला तर आबा कपाच्या दिशेला न बघता तिच्या आवाजाकडे तोंड करून बसले. तेव्हा तिने मला फोन केला.

पुण्याच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. डोळे ठणठणीत, डोळ्यांमागची नसही ठणठणीत. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे दिसणं घडतं, तिथला रक्तपुरवठा दोन्ही बाजूंनी तुटला होता. हात, पाय, बोलणं, आठवण, सगळं शाबूत. मी आबांच्या डोळ्यांवर बॅटरी मारली तर बाहुल्या आकसल्या. आबांच्या डोळ्यांना उजेड कळत होता, आबांना कळत नव्हता.

मी एकदा विचारलं, "आबा, काळोख दिसतो का?" सवयीचा प्रश्न.

ते म्हणाले, "काळोख कुठला? तुला तुझ्या डोक्याच्या मागं काय दिसतंय?"

"काय न्हाय."

"काळं दिसतंय का?"

मी विचार केला. डोक्याच्या मागे मला काळंही दिसत नाही. तिथे दिसणंच नाही. "न्हाय," मी म्हणाले.

"तसं," आबा म्हणाले. माझ्या दुकानात असं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

त्यानंतर ते ओसरीवरच्या बाजेवर बसून राहायला लागले. आई जाऊन बरीच वर्षं झाली, घरात भाऊ आणि वहिनी. भाऊ माझ्याहून लहान, मला आक्का म्हणतो, माणूस सरळ आहे. बाकीच्या रानात त्याचा ऊस आहे, कारखान्याला घालतो. ऊस लावला की पाणी देत राहायचं, तोड आली की नेतात. पानमळ्याला मात्र रोज माणूस लागतो, आणि जाणता माणूस लागतो. भावाला पानातलं कळत नव्हतं आणि ते तो लपवतही नव्हता. त्याने आबांना सरळ सांगितलं, "तुमी मळ्यात उभं ऱ्हाणार असाल तर मळा ठिवू. न्हायतर लागणीच्या आत मोडतो आन् ऊस लावतो."

त्या दिवसापासून आबांचं जेवण कमी झालं. वहिनी भाकरी मोडून ताटात ठेवायची, आबा हात लावून उठायचे. मला मळ्यातून कधी काही मिळवायचं नव्हतं. पण हा मळा मोडला तर आबा त्या बाजेवरून उठणार नाहीत, एवढं मला स्पष्ट दिसत होतं. पावसाळ्यात उसाच्या लागणी सुरू होतात. त्याच्या आत काहीतरी व्हायला हवं होतं.

एका सकाळी मी गेले असताना आबा म्हणाले, "मळ्यात घिऊन चल. नुसतं बसतो गारव्याला." मी हात धरून नेलं. तोंडाशी पोचलो आणि मी माझ्या सँडलचे पट्टे सोडायला वाकले. आबा अनवाणीच होते, ते थांबले नाहीत, वाटेने पुढे निघाले. खुडणाऱ्या बायकांनी पानांनी भरलेली एक मोठी पाटी वाटेच्या मधोमध टेकवून ठेवली होती. आबा सरळ तिच्यावर चालले होते. मी ओरडायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणाला आबांनी अंग तिरकं केलं, पाटीच्या कडेने पाय टाकला, आणि पुन्हा वाटेच्या मध्यावर आले. माझं तोंड तसंच उघडं राहिलं.

पळत जाऊन मी त्यांना गाठलं. "आबा, पाटी दिसली तुमाला?"

"कसली पाटी?" आबांनी विचारलं.

त्यांचा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. ते खरंच विचारत होते.

भाऊ म्हणाला, पायाला सवय आहे, जन्म गेलाय त्या वाटेवर. वाट पायाला पाठ असेल हे मला मान्य होतं, पण पाटी त्या सकाळीच ठेवली होती, ती पाठ कशी असेल? खुडणाऱ्या बायकांनी त्याहून सोपं उत्तर काढलं. नागवेल धन्याला ओळखते, तीच हात धरून नेते, असं ठरलं. दोन दिवसांत ही गोष्ट गावभर झाली आणि कळंबच्या पाहुण्यांपर्यंत पोचली. बायका नारळ घेऊन येऊ लागल्या. चपला मळ्याच्या तोंडाशी काढतात तशा आमच्या ओसरीच्या खाली काढायच्या आणि आबांच्या पाया पडायच्या. आबा वैतागले. "माझ्या पाया पडण्यापरीस वाटंतल्या पाट्या उचला," ते म्हणाले. तर त्यातही बायकांना काहीतरी खोल दिसलं. वहिनीला नारळांचं काय करावं कळेना, आठवडाभर सगळ्या भाज्यांत खोबरं होतं.

शेजारच्या बांधावरच्या तात्यांनी तिसरं उत्तर काढलं. "म्हातारं सोंग करतंय," ते पारावर म्हणाले. "बसून खायला मिळतंय तवर मिळतंय." हे आबांच्या कानावर आलं तेव्हा ते मला म्हणाले, "दिसत आसतं तर म्या सांगितलं नसतं व्हय? मला काय ग्वाड लागतंय आंधळं बसायला?" आयुष्यात ज्यांच्या शब्दावर लोकांनी बांध मागेपुढे सरकवले, त्यांना आपण खोटं बोलत नाही हे सांगायची पाळी आली होती. तात्यांच्या घरी जाऊन चार शब्द सुनवावेत असं मला फार वाटलं. वहिनीने अडवलं.

मग मी माझं काम केलं. आबांना अंगणात, ऊन नसलेल्या जागी, खुर्चीवर बसवलं. हातात तांब्या घेतला, आवाज न करता कधी त्यांच्या डाव्या बाजूला धरला, कधी उजव्या.

"आबा, तांब्या कुठं हाय?"

"मला काय दिसतंय?"

"अंदाजानं सांगा."

"अंदाज कशाचा करू? कायतरी दिसलं तर त्याचा अंदाज."

"उगं म्हणायचं म्हणून म्हणा. डावा नायतर उजवा."

आबा चिडले. माझा तापटपणा कुठून आलाय ते उघडच आहे. पण माझ्यासाठी म्हणाले, "डावा." तांब्या डावीकडे होता. "उजवा." उजवीकडे होता. मी तांब्या हलवत राहिले, ते कंटाळून उत्तरं देत राहिले, आणि उत्तरं बरोबर येत राहिली. प्रत्येक उत्तरानंतर आबा विचारायचे, "बरुबर?" आणि मी बरोबर म्हणाले की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. मी उगीच म्हणते आहे असं त्यांना वाटत होतं. शेवटी मी म्हटलं, "आता सांगू नका, हात पुढं करून तांब्या धरा." त्यांचा हात सरळ तांब्यावर आला. धातूला बोटं लागली तेव्हा ते दचकले, जसं काही कुणी न सांगता त्यांच्या हातात ठेवलं.

तांब्या त्यांनी मांडीवर घेतला. मग हळू आवाजात म्हणाले, "म्हंजी माझ्यात आनखी कोण हाय का? त्याला दिसतंय आन् मला न्हाय?"

मी पुण्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, असं क्वचित होतं, पण होतं. डोळ्यांतून मेंदूकडे जाणारा मोठा रस्ता तुटला तरी एखादी जुनी पायवाट उरलेली असते. वस्तू कुठे आहे, हलते का, एवढी खबर तिच्यावरून जाते आणि हातापायांना मिळते. माणसाला स्वतःला मात्र दिसत नाही. मी आबांना ते जसंच्या तसं सांगितलं. "बरं," ते म्हणाले. ज्याच्या शरीरात हे घडत होतं त्याला ते माझ्या तोंडून ऐकावं लागत होतं.

भावाला मात्र आनंद झाला. त्याचं डोकं शेतकऱ्याचं, फळ बघतो. "बरुबर येतंय ना? मग झालं की," तो म्हणाला. "दिसलं काय आन् न दिसलं काय. आबा, तुमी मळ्यात चला. हात जाईल तितं पान आसंल."

"बरुबर येतंय हे तुला दिसतंय," आबा म्हणाले. "मी कशावरनं म्हणू?"

"आक्का सांगतीय की बरुबर येतंय."

"मग ते आक्काच्या डोळ्यानं झालं. माझ्या कुठं झालं?"

"आवो आबा, काम झाल्याशी मतलब."

आबा त्याच्या आवाजाकडे वळले. "तू बांधावर हुबा राहून कुणाला सांगतोस ना, ही हद्द हितनं जाती. का सांगतोस? तुला दगूड दिसतो म्हणून. आता समज, दगूड तुला दिसत न्हाय, काय न्हाय, नुसतं तोंडातनं आलं, हितनं जाती. आन् निघालं बरुबर. तू शपथ घेशील का?"

भाऊ म्हणाला, "न्हाय घेणार."

"मग मला का घ्यायला लावतोस?"

त्या दिवशी मी एसटीने बारामतीला परतले. खिडकीशी जागा मिळाली. बाहेर ऊस होता, मग डाळिंबाची बाग, मग रस्त्याच्या कडेला उभा एक लाल ट्रॅक्टर आणि त्याच्या टपावर वाळत घातलेला टॉवेल. मी त्यातल्या एकाही गोष्टीचा अंदाज करत नव्हते. कुणी मला विचारलं असतं, तिथे ट्रॅक्टर आहे कशावरून, तर मी म्हणाले असते, हा काय. आपण दिवसभर म्हणतो ते. किल्ली कुठंय, ही काय. पोरगं कुठंय, हे काय. पुढे कुणी पुरावा मागत नाही, कारण पुरावा समोर उभा असतो आणि आपल्याला तो उभा दिसतो. आबांच्या डोळ्यांत तोच उजेड शिरत होता, त्यातली खबर त्यांच्या हातापायांपर्यंत पोचत होती, कदाचित माझ्याइतकीच अचूक. फक्त 'हा काय' म्हणायचा हक्क त्यांच्यापाशी उरला नव्हता. घरच्या पत्त्यावर सामान येऊन पडावं आणि घरधन्याला कुणी सांगूच नये, तसं चाललं होतं.

डोळे फसवतात हे मला कुणी शिकवायला नको, तो माझा धंदा आहे. त्याच रस्त्यावर पुढे डांबरावर पाणी चमकलं, जवळ गेल्यावर कोरडं निघालं. पण पाणी आहे असं मला वाटलं ते मूर्खपणाने नाही, तसं दिसलं म्हणून. आणि नाही हे कळलं तेही दिसलं म्हणूनच. चूक झाली तरी ती सुधारायला मला पुन्हा दिसण्याकडेच जावं लागलं. ही एवढी मोठी गोष्ट आहे आणि आपण तिच्यावर चष्म्याचा नंबर टाकून मोकळे होतो. मी त्या खिडकीत बसून रडले. दुःख होतंच, पण त्याहून जास्त काहीतरी होतं. ऊस दिसत होता, आभाळ दिसत होतं, शेजारच्या बाईच्या पिशवीतली मेथी दिसत होती. कुणी दाखवत नव्हतं, मागितलं नव्हतं, तरी सगळं दिसत होतं. शेजारची बाई म्हणाली, "काय झालं गं बाई, कोण गेलं का?" मी म्हटलं, न्हाय, कोण न्हाय. तिने मला पाण्याची बाटली दिली.

लागणी तोंडावर आल्या आणि भावाने मला बोलावून घेतलं. आज काय ते ठरवू, म्हणाला. तो आबांना मळ्याच्या तोंडाशी घेऊन आला. आत दोन तऱ्हेच्या ओळी होत्या. वेल झाडांच्या शेंड्याला पोचले की त्यांना खाली घेतात, गुंडाळून बुंध्याशी मातीत पुरतात आणि तिथून ते नव्याने चढतात. त्याला उतरण म्हणतात. विहिरीकडच्या ओळींची उतरण आबांनी झटका येण्याआधी केली होती, ते वेल आता छातीला लागत होते. बाकीच्या मळ्याची उतरण राहून गेली होती. तिथली पानं शिडी लावल्याशिवाय हाताला येत नव्हती.

भाऊ म्हणाला, "आबा, ह्या टोकापास्नं त्या टोकापतूर एकटं चालून दावा. तुमाला जमतंय हे तुमालाच पटंल. मग मळा ऱ्हाईला."

"परीक्षा हाय व्हय?" आबा म्हणाले. पण निघाले. उंच वेलांच्या ओळीतून, हात खाली सोडून, सावकाश. ते बरेच आत गेल्यावर आम्हाला दोघांनाही एकदम दिसलं. सकाळी शेवग्याच्या शेंगा काढायला भावाने शिडी आत नेली होती आणि ती वाटेवर तिरकी टेकवून तो विसरला होता. नेमकी आबांच्या कपाळाच्या उंचीवर. भावाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की मला ओरडताही आलं नाही. आबांनी मान खाली घातली, खांदे वाकवले, शिडीखालून गेले आणि पुन्हा ताठ झाले. चालण्याची गतीसुद्धा बदलली नाही. टोकाच्या झाडाला हात लागला तेव्हा थांबले.

भाऊ पळत गेला. रडत होता आणि हसत होता. "आबा, शिडी हुती वाटंत. तुमी वाकून आलात. तुमाला दिसतंय, आबा."

"कुठं हुती?" आबांनी विचारलं.

भावाने त्यांना हाताला धरून मागे आणलं आणि त्यांचा हात शिडीवर ठेवला. आबांनी एक पायरी चाचपली, मग दुसरी. मग स्वतःच्या कपाळाला हात लावून उंची मापली. "हिच्याखालनं आलो मी?"

"व्हय."

त्यांनी हात पुन्हा शिडीच्या पायरीवर ठेवला. मग म्हणाले, "आसंल. माझ्या अंगाला कळलं आसंल. मला न्हाय कळलं." आणि भावाकडे, म्हणजे त्याच्या श्वासाच्या दिशेला तोंड करून म्हणाले, "मळा ठिवायचा का मोडायचा, हे माझ्या अंगाला इचारू नगा. मला इचारा."

भाऊ डोळे पुसून म्हणाला, "मग तुमालाच इचारतो."

आबांनी नखी मागितली. झटका आल्यापासून त्यांनी ती मागितली नव्हती. मी घरी पळत जाऊन आणली. ती अंगठ्याला चढवून ते विहिरीकडच्या ओळीत शिरले, छातीइतक्या वेलांत, आणि हात लावून उभे राहिले. एक पान दोन बोटांत धरलं. कडेवरून बोट फिरवलं, मधली शीर चाचपली, देठ किंचित वाकवून पाहिला. घाई नव्हती. मग नखीने खुडलं, कोपरा दाताखाली धरला आणि म्हणाले, "हे तयार हाय." दुसऱ्या पानावर बोट फिरवलं आणि सोडून दिलं. "हे कवळं. ऱ्हाऊ दे." तिसरं खुडलं. मी वाकून पाहत होते, भाऊ पाहत होता. आम्हा दोघांचे डोळे शाबूत आणि आम्हाला पुन्हा सगळी पानं सारखीच. पण माझं लक्ष पानांवरून उडालं होतं. अंगणात तांब्याच्या वेळी आबा दर उत्तराला "बरुबर?" विचारत होते. इथे ते एकदाही विचारत नव्हते. आम्ही तिथे आहोत हेसुद्धा ते विसरले होते. पान त्यांच्या बोटांना लागत होतं, आणि लागतंय हे त्यांना कळत होतं, आणि तेवढ्यावर ते 'हाय' म्हणत होते, कुणाच्या परवानगीवाचून. इतक्या महिन्यांनी त्यांचा जुना आवाज ऐकला. मला तिथेच मातीत बसून हात जोडावेसे वाटले. त्या नारळवाल्या बायकांना मी हसले होते, त्यांच्यापेक्षा माझी अवस्था वेगळी नव्हती.

ओळ संपल्यावर आबा म्हणाले, "ह्या वळी ठिवा. ह्या हाताला कळत्यात. दरसाल येळंवर उतरवत जाऊ, हाताच्या वर जाऊ द्यायचं न्हाय. बाकीचं मोडा."

मळा मोडायची भाषा भावाचीच होती, पण आता त्यालाच ते जड जात होतं. "आबा, अर्ध्याच्या वर जातंय."

"जाऊ दे."

"अंदाजानं तरी जमंल तुमाला. आता बघितलं की आमी."

"जे मला कळतच न्हाय ते कुणाच्या जिवावर सांभाळू?" आबा म्हणाले. आवाजात कडवटपणा नव्हता. त्यांनी खुडलेली पानं माझ्या ओंजळीत दिली आणि नखी काढून खिशात ठेवली. त्या दिवशी दुपारी ते पोटभर जेवले.

मोडायच्या दिवशी मी दुकान बंद ठेवून गेले. आबांना बांधावर उभं राहायचं होतं. वहिनी नको म्हणत होती, त्यांनी ऐकलं नाही. ट्रॅक्टर अजून आला नव्हता. बायका लांबच्या टोकाला वेल सोडवत होत्या आणि सोडवलेल्या वेलांचे भारे डोक्यावर घेऊन, एकामागून एक, मळ्यातून बांधाच्या कडेला नेऊन टाकत होत्या. रात्री पाऊस झाला होता, ओल्या मातीत पावलांचा आवाज नव्हता. कुणी बोलतही नव्हतं. मी आबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे भारा घेतलेल्या एका बाईबरोबर डावीकडून उजवीकडे सरकत होते. ती कडेला पोचली, तिने भारा टाकला, आणि आबांचे डोळे मागे वळून दुसऱ्या बाईवर आले. तिच्याबरोबर पुन्हा शेवटपर्यंत गेले. मग तिसरीबरोबर. त्यांनी एकही भारा सोडला नाही.

मी विचारलं, "आबा, काय दिसतंय का?"

"न्हाय," ते म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी हात पुढे करून माझा खांदा शोधला आणि विचारलं, "सुरू झालं का गं मोडायला?"

मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "व्हय आबा, झालं."